गिटमधले ब्रँच ट्रॅकिंगचे पर्याय: शिकवणाऱ्या बाईचा अभिप्राय

आमच्या कंपनीत नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, मी शिकवते. कमिट (बदलांची नोंद करणं), मर्ज (दोन ब्रँच, म्हणजे कामाच्या शाखा, एकत्र करणं), अगदी रिबेससुद्धा (एका ब्रँचचे कमिट दुसरीच्या टोकावर नव्याने रचणं) ती चटकन उचलतात. गाडी अडते ती आपली ब्रँच रिमोटवरच्या, म्हणजे सर्व्हरवरच्या सामायिक प्रतीतल्या, ब्रँचला जोडताना, आणि यात दोष मुलांचा नाही. या जोडणीलाच ट्रॅकिंग म्हणतात, आणि जिला जोडायचं ती ब्रँच म्हणजे 'अपस्ट्रीम'.

काम एकच, पण ब्रँच बदलणाऱ्या 'गिट स्विच'मध्ये त्यासाठी '--ट्रॅक', म्हणजे '-टी'. आपले कमिट रिमोटवर पाठवणाऱ्या 'गिट पुश'मध्ये '--सेट-अपस्ट्रीम', म्हणजे '-यू'. 'गिट ब्रँच'मध्ये आधीपासून असलेली ब्रँच जोडायची तर '--सेट-अपस्ट्रीम-टू', पुन्हा '-यू'. निदान हे दोन '-यू' तरी सारखे असावेत! पुशला 'ओरिजिन मेन' (ओरिजिन हे रिमोटचं नाव, मेन हे ब्रँचचं) असं जागा सोडून लिहायचं, ब्रँचला 'ओरिजिन/मेन' असं तिरकी रेघ देऊन. पुशला रिमोट आणि ब्रँच वेगवेगळी सांगावी लागते, तर ब्रँचला आपल्याकडचीच रिमोट-ट्रॅकिंग ब्रँच, म्हणजे रिमोटवरच्या ब्रँचची आपल्याकडे ठेवलेली नोंद, दाखवायची असते. कारण मला पटतं, पण पहिल्याच आठवड्यात ते कुणाच्या ध्यानात राहणार? त्यात रिमोटवरचे बदल आणणाऱ्या 'गिट फेच'मधली '-टी' ट्रॅक करत नाही, तर टॅग, म्हणजे ठराविक कमिटना दिलेली नावं, आणते.

एका बाबतीत मात्र गिटवाल्यांचं मनापासून कौतुक. 'गिट ब्रँच'मध्ये पूर्वी '--सेट-अपस्ट्रीम' असा पर्याय होता. त्याच्यापुढे नुसतं 'ओरिजिन/मास्टर' लिहिलं, की आपण ज्या ब्रँचवर आहोत ती जोडली जाईल असं कुणालाही वाटावं. व्हायचं नेमकं उलट: 'ओरिजिन/मास्टर' याच नावाची नवी लोकल ब्रँच तयार व्हायची आणि ती आपल्या चालू ब्रँचला ट्रॅक करायची! 2012 मध्ये 1.8.0 आवृत्तीत '--सेट-अपस्ट्रीम-टू' आला आणि हा घोळ मिटला. जोड सोडवणारा '--अनसेट-अपस्ट्रीम'ही तेव्हाच आला. जुना पर्याय इशारा देत चालू ठेवला आणि 2017 मध्ये, 2.15 आवृत्तीत बंद केला. तोही पुसून टाकला नाही. गिट लांब पर्यायांची अर्धवट नावंही ओळखतं. पुसला असता, तर जुनी आज्ञा '--सेट-अपस्ट्रीम-टू' समजून निमूट चालली असती आणि लोकांच्या जुन्या स्क्रिप्टनी भलतंच काही केलं असतं. म्हणून तो पर्याय आजही ओळखला जातो, पण त्रुटी दाखवून थांबतो. वापरणाऱ्याची इतकी काळजी मी फार कमी साधनांत पाहिली आहे.

तीच काळजी पुश आणि ब्रँचमधल्या '-यू'ला मिळायला हवी होती. 2022 मध्ये, 2.37 आवृत्तीत 'पुश.ऑटोसेटअपरिमोट' आलं. ते 'ट्रू' केलं, की नवी ब्रँच पहिल्यांदा साध्या 'गिट पुश'ने ढकलतानाच जोडली जाते. नवख्यांच्या मशीनवर मी ते पहिल्याच दिवशी लावून देते. जोडणी मात्र 'गिट ब्रँच -व्हीव्ही' चालवून त्यांनी स्वतः वाचायची. कोणती ब्रँच कुणाला जोडली आहे आणि किती कमिट पुढे-मागे आहे, हे तिथे चौकटी कंसात स्वच्छ दिसतं.