टॅरिक: दर अचूक, पण तारीख आणि कोड तपासूनच वाचा

नाशिकची द्राक्षे युरोपात उतरताना नेमकी किती ड्युटी लागेल, याचे अधिकृत उत्तर युरोपीय संघाच्या 'टॅरिक' या डेटाबेसमध्ये मिळते. साइट फुकट आहे, नोंदणी लागत नाही. सदस्य देशांच्या कस्टम्सकडे हाच डेटा रोज जातो, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या दरांपेक्षा यावर विसंबावे. दिसायला मात्र अगदी रुक्ष, आणि नवख्याला सांभाळून घेण्याची तसदी अजिबात घेत नाही.

पहिली चूक कोडमध्येच होते. एचएस कोडचे (मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण क्रमांकाचे) पहिले सहा अंक जगभर सारखे, पुढचे प्रत्येकाचे आपापले. शिपिंग बिलावरचा (आपल्या कस्टम्सच्या निर्यात-कागदावरचा) ०८०६१००० इथे चालणार नाही. खाण्याच्या ताज्या द्राक्षांसाठी ०८०६१०१० घ्यावा लागतो. बेदाण्यात तर खरा सापळा आहे. आपल्याकडे ०८०६२०१० म्हणजे बेदाणा, युरोपात त्याच आठ अंकांवर करंट्स (बारीक काळे मनुके) येतात आणि सुलताना (बिनबियांचा बेदाणा) ०८०६२०३० वर. साइट चूक दाखवत नाही, निमूटपणे दुसऱ्याच मालाचा दर देते.

दुसरी चूक तारखेची. तारखेच्या रकान्यात आपोआप आजचा दिवस येतो. ऑक्टोबरमध्ये बसून फेब्रुवारीच्या कंटेनरचा हिशेब करणाऱ्याने तो बदललाच पाहिजे, कारण द्राक्षांचा दर हंगामी आहे. जानेवारी ते मध्य जुलै सर्वसाधारण दर ११.५ टक्के, त्यानंतर इटली-स्पेनचा माल बाजारात येतो तेव्हा दर चढतो, आणि २१ जुलै ते २० नोव्हेंबर किमान प्रवेश-किमतीची अटही लागते, म्हणजे माल ठरलेल्या किमतीपेक्षा स्वस्त आला तर जादा शुल्क.

मूळ देश भारत निवडल्यावर सर्वसाधारण दराखाली जीएसपीची (विकसनशील देशांसाठीच्या शुल्क-सवलतीची) वेगळी ओळ दिसते: आपल्या हंगामात ८ टक्के. बरेच जण वरचाच आकडा वाचून थांबतात. वीस हजार युरोच्या मालावर २,३०० ऐवजी १,६०० युरो, म्हणजे ७०० युरोंचा फरक. (किंमत भाडे आणि विम्यासकट धरायची.) दक्षिण आफ्रिका आणि चिलीची द्राक्षे करारांमुळे शून्य शुल्काने जातात. मूळ देश बदलून तेही तिथेच पाहता येते, आणि या साइटची हीच सोय सर्वांत उपयोगी.

सवलत मिळवण्याची कागदपत्रे मात्र साइट ठळकपणे सांगत नाही. माल ६,००० युरोंहून जास्त किमतीचा असेल तर रेक्स नोंदणी (सवलतीसाठी निर्यातदाराची नोंदणी) हवी आणि इन्व्हॉइससारख्या व्यापारी कागदावर मूळ देशाचे निवेदन हवे. ते राहिले तर आयातदार ११.५ टक्के भरतो, आणि बहुधा तो फरक आपल्याच भावातून कापतो.

कीटकनाशक अवशेषांच्या मर्यादा इथे शोधू नका, त्यांचा डेटाबेस वेगळा आहे. लंडनला जाणाऱ्या मालासाठीही ही साइट कामाची नाही. १ जानेवारी २०२१ पासून ब्रिटनचे दर त्यांच्याच सरकारी साइटवर पाहावे लागतात.