१०५० टीआय म्हणून घेतलं, आत निघालं २०११ चं कार्ड

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुनं ग्राफिक्स कार्ड घ्यायच्या विचारात असाल तर आधी हे वाचा. माझे साडेचार हजार गेले आणि वर तीन शनिवार गेले ते वेगळेच.

कार्ड मला गेमसाठी नको होतं. आमचं गाव औंढा नागनाथकडचं, तिथे गुरुत्वीय लहरी पकडणारी लायगो इंडियाची वेधशाळा होणारे (एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने मंजुरी दिली), त्यामुळे गावी गेलं की कोणी ना कोणी विचारतंच, तू कॉम्प्युटरवाला ना, मग ह्या गुरुत्वीय लहरी म्हणजे काय रे बाबा. उत्तर शोधता शोधता मला आइनस्टाइन अॅट होम सापडलं. २००५ पासून चालू आहे, लायगोचा आणि दुर्बिणींचा डेटा तुकडे करून जगभरातल्या लोकांच्या घरच्या पीसीवर पाठवतात, बॉइंक नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकायचं की आपला पीसी रिकामा असताना ते काम करत बसतो. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एकाच्या मशीनने असाच एक नवीन पल्सर (ठरावीक लयीत रेडिओ लहरी सोडणारा तारा) शोधून काढला होता. हे वाचलं आणि आमच्या मुलुंडच्या वन बीएचकेमधून आपणही काहीतरी शोधू असं डोक्यात बसलं, हसू नका.

प्रोसेसरवर हे काम हळू चालतं, ग्राफिक्स कार्डवर भराभर, म्हणून जुनं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं. कारण साधं, ७५ वॅटचं कार्ड, मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच वीज घेतं, चोवीस तास चाललं तरी दिवसाला १.८ युनिट म्हणजे महिन्याला ५४. लाइट बिल कोण भरणार हे बायकोने आधीच विचारून ठेवलं होतं.

तर शनिवारी ग्रँट रोडला उतरलो. दुकान म्हणजे एका जुन्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावरचा गाळा, नाव लिहीत नाही. त्याने आधी एक लोकल एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) गळ्यात मारायचा प्रयत्न केला, वर मोठ्या अक्षरात ५०० वॅट, आणि लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात, जिथून कार्डाला वीज मिळते, फक्त १४ अँपियर, म्हणजे १६८ वॅट झाले. ते मी बरोबर पकडलं आणि मनात म्हटलं आपल्याला कोण फसवणार. क्रिप्टो माइनिंगमध्ये घासलेलं कार्ड नको म्हणून पंखे फिरवून बघितले, धूळ बघितली, सगळं बघितलं.

त्याने कार्ड स्वतःच्या मशीनला लावून विंडोजमधली कार्डाची माहिती उघडून दाखवली, नाव बरोबर, मेमरी ४ जीबी बरोबर. विजेची वेगळी सहा पिनची वायर लागत होती, मी विचारलं तर म्हणाला "ओसी मॉडल है भाई, पावर ज्यादा लेता है." तशी ओव्हरक्लॉक म्हणजे जास्त वेगाने चालवलेली काही खरी मॉडेलं असतात हे मला माहीत होतं म्हणून गप्प बसलो. आणि मागे चक्क व्हीजीए पोर्ट! माझा मॉनिटर जुना, व्हीजीएवालाच, मी म्हटलं वा, कन्व्हर्टरचे पैसे वाचले. ज्या एका गोष्टीवरून तिथल्या तिथे उठून यायला हवं होतं तीच बघून मी खूश झालो. १०५० टीआयच्या पिढीपासून अॅनालॉग आउटपुट कार्डातून काढूनच टाकलंय, व्हीजीए असणारच कुठून.

निघताना एक पेन ड्राइव्ह दिला, "ड्राइवर इसी में से डालना, नेट से मत लेना, नया वाला प्रॉब्लेम करता है." मी ऐकलं पण.

घरी बॉइंक चालू केलं, काम आलं, आणि काही मिनिटांत कॉम्प्युटेशन एरर. दुसरं, तिसरं, तेच. दोन दिवस मी स्वतःच्याच सेटिंगला शिव्या घालत होतो. मग बॉइंकचा इव्हेंट लॉग नीट वाचला, तिथे कार्डाच्या नावापुढे लिहिलं होतं कॉम्प्युट कपॅबिलिटी (चिपची पिढी सांगणारा आकडा) २.१. खऱ्या १०५० टीआयची ६.१ असते. नेटवरून नवीन ड्रायव्हर टाकून बघितला, त्याने कार्ड ओळखायलाच नकार दिला. कार्डाची माहिती तपासणाऱ्या जीपीयू-झेड ह्या सॉफ्टवेअरची नवीन आवृत्ती टाकली तर कार्डाच्या नावाआधी चौकोनी कंसात सरळ फेक असं आलं.

तरी खात्री करायची खाज, म्हणून स्क्रू काढून हीटसिंक उचलला. चिपवर कोरलेलं जीएफ ११६, म्हणजे २०११ चं जीटीएक्स ५५० टीआय. ७६८ कोरच्या जागी १९२ कोर, वीज ७५ ऐवजी ११६ वॅटपर्यंत. कार्ड आपलं नाव आणि मेमरी स्वतःच्या बायॉसमधून (कार्डावरच्या छोट्या प्रोग्राममधून) सांगतं, आणि तो बायॉस बदलून त्यात काहीही लिहिता येतं. विंडोज बिचारं तेच धरून दाखवतं. मेमरी असते कमी, सांगते चार, त्यामुळे मोठं काम आलं की आपटतं. नुसता डेस्कटॉप उघडून बघितलात तर काही कळत नाही, सगळं छान चालतं.

पुढच्या शनिवारी गेलो तर "सेठ गांव गये." त्याच्या पुढच्या शनिवारी सेठ होते. कार्ड हातात घेऊन उलटं केलं आणि स्क्रूवरचा फाटलेला स्टिकर दाखवला, "सील टूटा है, चेकिंग वारंटी खतम." म्हणजे चिप बघायला मी जो स्क्रू काढला त्याच्यावरच त्यांचा स्टिकर होता. मी आवाज चढवला, बाजूच्या गाळ्यातली दोन पोरं येऊन उभी राहिली, मी खाली उतरलो.

आता जायचंच असेल तर पेन ड्राइव्हवर जीपीयू-झेडची ताजी आवृत्ती घेऊन जा आणि त्यांच्या मशीनवर चालवायला लावा, नाही म्हणाला तर चहा पिऊन घरी या. ड्रायव्हर त्यांनी दिलेला नाही, कंपनीच्या साइटवरचा, तोही तिथेच टाकून बघायचा. आणि पक्कं बिल, जीएसटी पडला तरी चालेल. मी त्याच जीएसटीचे पैसे वाचवायला गेलो होतो.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार केली आहे, बिलाचा फोटो टाका म्हणाले. गूगल पे केलं होतं तेव्हा समोर भलत्याच माणसाचं नाव आलं होतं. आणि बिल म्हणून माझ्याकडे आहे ते एक व्हिजिटिंग कार्ड, मागे बॉलपेनने लिहिलेलं, "१०५० टीआय ४ जीबी, ओके".