आठ महिने नर्सरीतली पेट्रोल गाडी: सेल्फ, डायनॅमो आणि उगाच घेतलेली बॅटरी

उरुळी कांचनजवळ आमची नर्सरी आहे. कुंड्या आणि कोकोपीटची पोती वाहायला एक जुनी पेट्रोल युटिलिटी गाडी घेतली. गोल्फच्या मैदानावर दिसते तशीच, फक्त मागे हौदा. ओढायला झकास, बसायला यथातथाच. मला छळलं ते सेल्फनं (इंजिन सुरू करणारी मोटर) आणि चार्जिंगनं.

हिला सेल्फचं बटण नाही. चावी फिरवून ॲक्सिलरेटरवर पाय दिला की पॅडलचा मायक्रोस्विच लागतो. त्यातून सोलेनॉइडला, म्हणजे चुंबकानं चालणाऱ्या दणकट स्विचला, थोडासा करंट जातो, सोलेनॉइड टक् करून बॅटरीची जाड वायर सेल्फला जोडतो आणि सेल्फ बेल्टनं इंजिन फिरवतो. इंजिन लागलं की तोच सेल्फ डायनॅमो होऊन बॅटरी चार्ज करतो, कारण आता इंजिन त्याच बेल्टनं त्याला फिरवत असतं. रेग्युलेटर डायनॅमोतल्या चुंबकाच्या गुंडाळीचा (फील्डचा) करंट कमी-जास्त करून व्होल्टेज आवरतो. पाय काढला की इंजिन बंद. मैदानावर हे ठीक. आमच्याकडे तीस मीटर गेलं की थांबा, कुंड्या उतरवा, परत तीस मीटर. दर वेळी सेल्फ बॅटरीतून ओरबाडून घेणार आणि परतफेडीला अर्धा मिनिटही नाही.

दुसऱ्याच महिन्यात गाडी रुसली. एका गॅरेजवाल्यानं न तपासताच 'बॅटरी गेली' म्हणून सांगितलं. मीही शहाणा, जुनी बदल्यात देऊन नवी घेतली. तीन आठवड्यांत तीही मान टाकून बसली. तेव्हा बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळून एक साधा मल्टिमीटर आणला. हे आधीच करायला हवं होतं.

बॅटरी रात्रभर चार्जरवर लावली. सकाळी गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, म्हणजे बॅटरी ठणठणीत. इंजिन पळवलं तर आकडा वर चढायला हवा, साधारण १४ च्या आसपास. माझा १२.३ वरच. डायनॅमो काहीच देत नव्हता. डायनॅमोतले कार्बन (फिरत्या भागाला टेकून करंट नेणारे तुकडे) घासले असतील म्हणून घाबरत झाकण काढलं, तर बेल्ट ढिला आणि घासून आरशासारखा गुळगुळीत! चढावर चिर्र आवाज यायचा, तो मी महिनाभर उंदराच्या खात्यावर टाकला होता. नाना पेठेतून बेल्ट आणून ताणला, मीटर १४.२.

पावसाळ्यात दुसरं नाटक. टक् आवाज येतो, सेल्फ फिरत नाही. या वेळी बॅटरीला हात लावला नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या बॉडीवर धरली आणि मुलाला पॅडल दाबायला लावलं. १.८ व्होल्ट! तिथं जेमतेम दोन-तीन दशांश दिसायला हवेत; म्हणजे बाकीचा दाब वाटेतच गळत होता. खताच्या पाण्यानं अर्थिंगची पट्टी, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह इंजिनच्या बॉडीला जोडणारी पट्टी, हिरवी पडली होती. तिची टोकं घासून, नट आवळून वीस मिनिटांत काम झालं, खर्च शून्य.

आता दर शनिवारी रात्री चार्जर लावतो. आमच्यासारख्या थांबत-थांबत कामाला त्याला पर्याय नाही, बेल्ट कितीही ताणा. टक् सुद्धा नसेल तर आधी पॅडलखालचा चिखल काढतो; एकदा मायक्रोस्विच त्यातच अडकला होता.

माळीमामा हल्ली लांबूनच ओरडतात, "मालक, टक् झालं, पण फिरत न्हाई!" मी मीटर घेऊनच निघतो.