इसबगोलाची भुशी : चांगली आहे, पण आधी कारण बघा

साधी इसबगोलाची भुशी, बिनसाखरेची, बिनचवीची. बाबांसाठी गेले आठ महिने आणतेय म्हणून लिहितेय. पाचपैकी चार स्टार, आणि एक कापला तो डब्यावरच्या सूचनेसाठी, भरपूर पाणी प्या ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इतक्या बारीक अक्षरात छापलीय की बाबांना चष्मा लावूनही वाचता येईना.

बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, घरी आल्यावर पाचव्या दिवशी हळूच म्हणाले, अगं चार दिवस पोटच साफ झालं नाही. तोवर लाजेने बोललेच नव्हते. मी धावत जाऊन हा डबा आणला, रात्री दोन चमचे कालवून दिले आणि त्यांनी नेहमीच्या छोट्या फुलपात्रातून दोन घोटात संपवलं, वर पाणी नाहीच. सकाळी पोट टम्म, गॅस, जेवण नको. मला वाटलं डोस कमी पडला, म्हणून परत दिली, आणि त्रास अजून वाढला.

डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, गोळ्या कुठल्या चालू आहेत? ट्रामाडॉल आणि लोहाची गोळी. ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळीने आतड्याची हालचालच मंदावते, अशा वेळी भुशी आत जाऊन फुगते पण पुढे सरकत नाही. लोहाच्या गोळीनेही खडा होतो. त्यात पाणी कमी आणि दिवसभर पलंगावर. भुशी बंद करून त्यांनी मल मऊ करणारं लॅक्ट्युलोजचं सिरप दिलं, दीड-दोन दिवसांनी मोकळं झालं तेव्हा बाबांचा चेहरा बघून मलाच रडू आलं.

दुखण्याच्या गोळ्या थांबल्यावर डॉक्टरांना विचारून भुशी परत सुरू केली, आणि आता खरंच छान चालतेय. एकदा ग्लासात कालवून तशीच ठेवून बघा, थोड्या वेळात चिकट जेली होते, पोटातही तेच होतं, ती पाणी धरून ठेवते आणि मल मऊ राहतो. म्हणून आता बाबांचा मोठा स्टीलचा ग्लास ठरलाय, एक चमचा भुशी, कालवली की लगेच प्यायची आणि वरून अजून एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर ती घशात किंवा आतड्यात अडकू शकते, ज्यांना गिळायला त्रास आहे त्यांना देऊच नका. एका रात्रीत रिझल्टची अपेक्षा नको, दोन-तीन दिवस लागतात. बाकीची औषधं आणि भुशी यात निदान दोन तास तरी अंतर ठेवा.

संत्र्याच्या चवीचा डबापण आणला होता, त्यातल्या बऱ्याच डब्यांत साखर असते, डायबिटीसवाल्यांनी मागे वाचून घ्या. शेजारच्या काकू चूर्ण सुचवत होत्या, त्यात सोनामुखी होती, ती आतड्याला ढकलून काम करते, कधीतरी ठीक, पण रोज मनाने घेऊ नका.

आणि रोज पोट साफ झालंच पाहिजे असंही नाही हो, आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा होत असेल, खडा होत असेल, जोर करावा लागत असेल तर त्याला बद्धकोष्ठता म्हणतात. थायरॉईड कमी असणं, कॅल्शियमच्या गोळ्या, बीपीच्या काही गोळ्या, गरोदरपण, आलेली कळ दाबून ठेवणं, कितीतरी कारणं असतात. बाबांना सगळ्यात उपयोग झाला तो सकाळच्या चहानंतर दहा मिनिटं शांत बसण्याचा, कारण पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं. गुडघ्यामुळे कमोडच वापरावा लागतो, म्हणून थोडं उकिडवं बसल्यासारखं व्हावं यासाठी पायाखाली आमचा जुना लाकडी पाट ठेवलाय.

रक्त दिसलं, वजन उतरायला लागलं, किंवा पन्नाशीनंतर अचानक सवय बदलली तर भुशी आणत बसू नका, तपासून घ्या. पोट फुगून उलट्या होत असतील तर त्याच दिवशी जा.

डब्याचं झाकण मात्र घट्ट लावा, पावसाळ्यात आमच्या पहिल्या डब्यातली अर्धी भुशी दमट होऊन गोळे झाले होते, आता काचेच्या बरणीत ठेवते.