साउथ बेमधली एक चार्टर शाळा: शिकवण्यात पक्की, उत्तरं देण्यात कच्ची

एकाच शाळेबद्दल पालक दोन टोकाचं बोलतात. केजी ते दुसरीच्या मुलांचे आईवडील म्हणतात, प्रिन्सिपल म्हणजे देवमाणूस. सहावी-सातवीचे पालक म्हणतात, तीन ईमेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. दोन्ही गट खरं तेच बोलतायत. शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते कॅलिफोर्नियातल्या बहुतेक चार्टर शाळांच्या पालकांना उपयोगी पडेल.

पुण्या-मुंबईहून नुकत्याच आलेल्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर चार्टर शाळेत फी नाही आणि प्रवेश परीक्षाही नाही. पैसा सरकारी. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की लॉटरी. चार्टर शाळेचा कायदा सर्वात आधी मिनेसोटाने १९९१ मध्ये केला आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने. डिस्ट्रिक्टच्या (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या यंत्रणेच्या) शाळेवर निवडून आलेलं बोर्ड असतं. चार्टर शाळा मात्र ना-नफा संस्था चालवते आणि तिचं बोर्ड नेमलेलं असतं. त्यामुळे मत देऊन ते बदलता येत नाही. डिस्ट्रिक्टला तक्रार लिहिली की बहुतेक वेळा उत्तर येतं, 'आधी शाळेच्या बोर्डाशी बोला.' चिडून परत येणारे पालक बरेचदा इथेच अडकलेले असतात.

आधी चांगलं. प्रिन्सिपल रोज सकाळी केशरी जाकीट घालून ड्रॉप-ऑफच्या रांगेत उभ्या असतात, गाडीचं दार स्वतः उघडतात, मुलाला नावाने हाक मारतात. 'श्लोक'चं 'स्लोक' होत नाही. वर्गात त्यांची फेरी असते, नव्या शिक्षकांना मार्गदर्शन मिळतं, गणित आणि वाचनाचा पाया घट्ट आहे. लहान मुलांच्या पालकांचा शाळेशी संबंध याच रांगेत येतो, म्हणून त्यांचं मत इतकं चांगलं.

पण मूल मोठं झालं की प्रश्न रांगेत सुटत नाहीत, ते ऑफिसात जातात. प्रवेश, हजेरी, डबा, तक्रारी, सगळं एकाच टेबलावर येतं. मूल गैरहजर असलं तर दहाच्या आत मेसेज येतो. गणिताची वरची तुकडी का मिळाली नाही, या प्रश्नाला मात्र दोन-दोन आठवडे उत्तर नाही. राज्याकडून मिळणारा पैसा रोजच्या सरासरी हजेरीवर अवलंबून असतो, त्यामुळे हजेरीचं काम पहिलं होतं. हे समजण्यासारखं आहे, पण पालकांनी चालवून घ्यावं असं नाही. ऑफिसात एक माणूस वाढवणं हे बोर्डाचं काम आहे, प्रिन्सिपलच्या हसऱ्या चेहऱ्याने ते भरून निघत नाही.

सर्वात जास्त नुकसान होतं ते आयईपीच्या, म्हणजे विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण योजनेच्या बाबतीत. मूल वाचनात मागे पडतंय असं शिक्षकांना तोंडी सांगितलं तर मुदत सुरू होत नाही. तारीख घालून लेखी मागणी करा: 'माझ्या मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन करावं.' त्यानंतर १५ दिवसांत मूल्यमापनाचा आराखडा हातात यायला हवा आणि त्यावर सही केल्यापासून ६० दिवसांत आयईपीची बैठक व्हायला हवी. शाळेची लांब सुट्टी त्यात धरत नाहीत. या शाळेत 'आधी एसएसटीची (मुलाच्या अडचणींवर शिक्षक-पालकांनी मिळून विचार करण्याची) बैठक घेऊ' असं गोड शब्दांत सांगतात. ती बैठक जरूर घ्यावी, पण लेखी मागणी दिली असेल तर त्या बैठकीसाठी मुदत थांबत नाही. विशेष शिक्षणासाठी शाळा स्वतः जबाबदार आहे की डिस्ट्रिक्टचा भाग म्हणून चालते, हेही पहिल्याच भेटीत विचारा. दाद कुणाकडे मागायची ते त्यावर ठरतं.

बोर्डाच्या बैठकींबद्दल सर्वात जास्त गैरसमज आहे. २०१९ च्या कायद्यामुळे चार्टर शाळांनाही ब्राउन अॅक्ट, म्हणजे सार्वजनिक बोर्डांच्या बैठका खुल्या ठेवायचा कॅलिफोर्नियाचा कायदा, स्पष्टपणे लागू झाला. नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते आणि पालकांना बोलायचा हक्क असतो. पालक दोन मिनिटं तळमळीने बोलतात, बोर्ड गप्प बसतं आणि 'यांना काही पडलेलीच नाही' असा समज होतो. पण विषयपत्रिकेत नसलेल्या गोष्टीवर बोर्डाला चर्चा करता येत नाही, निर्णयही घेता येत नाही. म्हणून आठ-दहा दिवस आधी बोर्डाच्या अध्यक्षांना लिहून विषय पत्रिकेत घ्यायची विनंती करा. एका पत्रात एकच मुद्दा, आधीच्या ईमेलच्या तारखांसह. आजी-आजोबा मराठीत बोलणार असतील आणि सोबत दुभाषी असेल, तर त्यांना दुप्पट वेळ मिळायला हवा.

इथे शाळा खरोखर कमी पडते. विषयपत्रिकेची लिंक वेबसाइटच्या तळाशी सापडते आणि इतिवृत्त दोन-तीन महिने येत नाही. इतिवृत्त, खर्चाचे तपशील हवे असतील तर पब्लिक रेकॉर्ड्स कायद्याखाली लेखी मागा. कागद देणार की नाही, हे शाळेला १० दिवसांत कळवावं लागतं आणि ठरावीक कारणांसाठी आणखी १४ दिवस घेता येतात.

ऑगस्टमधल्या फॉर्मवर 'प्रत्येक कुटुंबाने ३० तास स्वयंसेवा' असं ठळक लिहिलंय आणि ती ऐच्छिक आहे हे तिसऱ्या पानावर. दोन्ही पालक नोकरी करणारे घाबरतात. स्वयंसेवेचे तास प्रवेशाची किंवा शाळेत टिकण्याची अट होऊ शकत नाहीत. हे पहिल्या पानावर, त्याच आकाराच्या अक्षरात यायला हवं.

लहान मुलासाठी लॉटरीत नाव जरूर घाला. मुलाला आयईपी असेल किंवा लागेल असं वाटत असेल, तर आधी माहितीसत्रात विचारा: ईमेलला किती दिवसांत उत्तर देता आणि हे हँडबुकमध्ये कुठे लिहिलंय? सध्याच्या हँडबुकमध्ये तक्रार कुणाकडे करायची ते आहे, उत्तराची मुदत नाही.

या शाळेची चार्टर, म्हणजे शाळा चालवण्याची मंजुरी, पुढच्या जूनमध्ये संपते. नूतनीकरणाचा अर्ज दिल्यापासून ६० दिवसांत ही मंजुरी देणाऱ्या काउंटीच्या शिक्षण मंडळासमोर जाहीर सुनावणी होईल. प्रिन्सिपलचं कौतुक करणाऱ्यांनी तिथे जाऊन बोलावं आणि ज्यांच्या ईमेलला उत्तर आलं नाही त्यांनी ते ईमेल तारखेसह छापून सोबत न्यावेत.