‘दोन्ही एकाच डिस्कमध्ये आहे’ म्हणे!

टोकियोत निशी-कासाईला राहतो, जुन्या गेम्सचा नाद आहे, आणि मागच्या महिन्यात ३,२०० येनची टोपी घालून घेतली.

वस्तू काय होती ते आधी सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. ‘फायनल फँटसी ७’ या व्हिडिओ गेमवरचा ‘ॲडव्हेंट चिल्ड्रन’ हा ॲनिमे चित्रपट २००५चा. त्याची वाढवलेली ‘कम्प्लीट’ आवृत्ती जपानात १६ एप्रिल २००९ला ब्लू-रेवर आली. एका डबीत नुसता चित्रपट, आणि दुसरा संच: चित्रपटासोबत त्याच मालिकेतल्या ‘फायनल फँटसी १३’ या गेमचा डेमो, म्हणजे खेळून बघायला दिलेला छोटा भाग, प्लेस्टेशन ३साठी, वेगळ्या डिस्कवर. अख्खा गेम यायला डिसेंबर उजाडणार होता, त्यामुळे कित्येकांनी डेमोसाठीच संच घेतला असणार. अमेरिकेत चित्रपट जूनमध्ये आला, तोही डेमोशिवाय.

मला तो संच एका जुन्या वस्तूंच्या ॲपवर दिसला. शीर्षकात ‘ट्रायल व्हर्जन सेट’, म्हणजे डेमोवाला संच. फोटो एकच, दर्शनी बाजूचा, कॅटलॉगमधून उचलल्यासारखा गुळगुळीत. मी विचारलं, “गेमची डिस्क आहे ना?” उत्तर आलं, “दोन्ही एकाच डिस्कमध्ये आहे.”

आणि मला ते पटलं! कारण माझ्याकडे ‘मॅक्रॉस’ या ॲनिमेचा ‘हायब्रिड पॅक’ आहे. चित्रपट १९८४चा, पॅक २०१२ला निघालेला. त्यात खरोखरच एकाच ब्लू-रेवर चित्रपट आणि प्लेस्टेशन ३चा गेम आहे. म्हटलं, हेही तसलंच असेल. काहीच माहीत नसतं तर निदान दुसरी डिस्क मागितली असती.

या ॲपवर तुमचे पैसे ॲपकडे अडकून राहतात. वस्तू मिळाल्यावर तुम्ही ‘ह्योका’, म्हणजे शेरा दिलात, की ते विक्रेत्याला सुटतात. पार्सल आलं त्याच सकाळी विक्रेत्याचा निरोप, “गावाला जातोय, ह्योका लवकर द्या.” डबी उघडली, डिस्कवर एक ओरखडा नाही. तोझाई लाइनच्या मेट्रोतल्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने बटण दाबलं.

रात्री प्लेस्टेशनमध्ये डिस्क घातली. व्हिडिओच्या रांगेत चित्रपट आला, गेमच्या रांगेत काही नाही. बाहेर काढली, पुसली, परत घातली. जणू पुसल्याने गेम उगवणार होता! नुसत्या चित्रपटाचीच आवृत्ती होती ती. विक्रेता म्हणाला, फोटो केवळ नमुन्यासाठी होता, आणि तळाशी ‘नो क्लेम, नो रिटर्न’ लिहिलंय. ॲपवाले म्हणाले, व्यवहार पूर्ण झालाय, आपसात बघा.

तुम्ही घेणार असाल, किंवा पुण्याहून कुणी “येताना तेवढं घेऊन ये” म्हणत असेल, तर दोन्ही डिस्कचा, बाजूला त्या दिवशीची तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवून काढलेला फोटो मागा. दिला नाही तर सोडून द्या, दुसरा मिळतो. आणि गेम यंत्रावर चालू झालेला बघितल्याशिवाय ह्योकाच्या बटणाला हात लावू नका, समोरचा गावाला जावो नाहीतर चंद्रावर.

बायको म्हणाली, “डेमोच ना? अख्खा गेम आहे की आपल्या कपाटात.” तिला काय सांगणार!

या ॲपवर विक्रेताही खरेदीदाराला शेरा देतो. माझा आलाय: ‘झटपट व्यवहार. पुन्हा संधी मिळाल्यास आनंद होईल.’