इरॅस्मस मुंडस जॉइंट मास्टर्स: पैसे चोख, धावपळ आपली

परदेशी विद्यापीठाशी ‘टाय-अप’ असल्याच्या जाहिराती बारावीचा निकाल लागला की सुरू होतात. त्यातले बरेच टाय-अप म्हणजे एक सामंजस्य करार, दोन सह्या आणि कॉलेजच्या भिंतीवर लावलेला फोटो. इरॅस्मस मुंडस त्या जातीचा नाही. किमान तीन देशांतल्या तीन विद्यापीठांनी मिळून एकच मास्टर्स आखायचं, प्रवेश एकत्र द्यायचे, विद्यार्थ्याला किमान दोन देशांत शिकवायचं आणि शेवटी एक संयुक्त किंवा दोन-तीन वेगवेगळ्या पदव्या द्यायच्या, ही इथली मूळ अटच आहे. युरोपीय संघाच्या पैशावर २००४ पासून हे चालू आहे, आणि स्कॉलरशिप मिळवणाऱ्या देशांत भारत कायम वरच्या रांगेत असतो.

आधी पैशांचं. सध्याच्या योजनेत महिन्याला १४०० युरो मिळतात, जास्तीत जास्त २४ महिने, म्हणजे एकूण ३३,६०० युरो. ट्यूशन फी शून्य, विमा कन्सॉर्शियमचा, म्हणजे त्या विद्यापीठांच्या गटाचा. जुन्या योजनेत महिन्याला १००० युरो असायचे, पण प्रवासाचे आणि बस्तान बसवण्याचे पैसे वेगळे मिळत. ती माहिती अजून फिरत असते आणि मुलं तिच्या भरवशावर हिशेब मांडतात. आता विमान, व्हिसा, घराचं डिपॉझिट सगळं याच १४०० मधून. रक्कम देशागणिक बदलत नाही. पोलंड किंवा पोर्तुगालमध्ये एवढ्यात नीट राहून थोडी शिल्लक टाकता येते, पॅरिसमध्ये खोलीचं भाडंच मोठा घास घेतं. म्हणून अभ्यासक्रम निवडताना कोणत्या शहरात किती सेमिस्टर आहेत हे विषयांच्या यादीइतकंच बारकाईने बघावं.

पहिला हप्ता तिथे पोहोचून, नोंदणी करून, बँक खातं दिल्यावरच निघतो. त्याला कधी कधी काही आठवडे लागतात, आणि घरमालक तोवर थांबत नाही. डिपॉझिट आणि पहिल्या दोन महिन्यांचा खर्च घरून न्यावाच लागतो. देश बदलला की नवं खातं उघडलंच पाहिजे असं मात्र नाही. युरो वापरणाऱ्या एका देशातलं खातं दुसऱ्या युरो देशात पगार, भाडं किंवा बिलासाठी नाकारता येत नाही, तसा युरोपीय नियम आहे. फोन कंपनी किंवा घरमालक ‘इथलंच खातं द्या’ म्हणून अडून बसला तर हे शांतपणे सांगावं.

प्रवेशाच्या स्पर्धेचं गणित बहुतेकांना माहीत नसतं, आणि खरी गोम तिथेच आहे. युरोपीय संघ एका कन्सॉर्शियमला एका वेळी साधारण सहा वर्षांसाठी निधी देतो. त्यात चार बॅचेस आणि जास्तीत जास्त ६० स्कॉलरशिप बसतात. शिवाय एकाच देशाच्या नागरिकांना एकूण स्कॉलरशिपच्या १० टक्क्यांहून जास्त द्यायच्या नाहीत. म्हणजे साठातल्या सहा, चार बॅचमध्ये मिळून. एका बॅचला एक किंवा दोन भारतीय! जगातल्या ठरावीक प्रदेशांसाठीच्या जादा जागांना ही मर्यादा लागू नाही, पण त्या प्रत्येक कन्सॉर्शियमकडे सारख्या नसतात. तेव्हा तुमची स्पर्धा ब्राझील किंवा नायजेरियाच्या उमेदवाराशी कमी आणि शेजारच्या वर्गातल्या मुलाशी जास्त आहे. डेटा सायन्स, रोबोटिक्स असल्या विषयांना भारतातून झुंबड उडते. जलविज्ञान, वारसा जतन, मत्स्यपालन, लाकूड किंवा मातीशी संबंधित अभ्यासक्रमांकडे त्या मानाने कमी लोक वळतात. पार्श्वभूमी खरोखर जुळत असेल तर तिकडे अर्ज करणं शहाणपणाचं. नुसती जागा सोपी म्हणून जाऊ नका. निवड समितीला ते मोटिव्हेशन लेटरच्या, म्हणजे ‘हाच कोर्स का’ सांगणाऱ्या पत्राच्या, दुसऱ्या परिच्छेदात कळतं.

निधीला मुदत असते याचा आणखी एक अर्थ आहे. अभ्यासक्रमाला इरॅस्मस मुंडसचं नाव लागलेलं असलं तरी या वर्षी स्कॉलरशिप असेलच असं नाही. युरोपियन मास्टर इन लॉ अँड इकॉनॉमिक्स हे त्यातलं जुनं नाव. त्याच्या तिसऱ्या सत्रासाठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था हे एक ठिकाण राहिलं आहे, म्हणजे हॅम्बुर्ग किंवा रॉटरडॅमहून मुलं चक्क आरे कॉलनीच्या शेजारी शिकायला येतात. असा अभ्यासक्रम निधीच्या एका फेरीत असतो, पुढच्या फेरीत नसतो. अधिकृत कॅटलॉगमध्ये चालू वर्षाचं नाव बघावं, आणि स्कॉलरशिपच्या जागा किती ते कन्सॉर्शियमला ईमेलवर सरळ विचारावं. उत्तर देतात. स्वतःच्या खर्चाने जायची वेळ आली तर मात्र दोनदा विचार करा. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश घेतला तर फी जवळजवळ नसते, मग संयुक्त अभ्यासक्रमाची फी आणि दर सहा महिन्यांचं स्थलांतर स्वतःच्या खिशातून कशाला?

अर्ज बहुतेक ऑक्टोबर ते जानेवारी या काळात भरायचे असतात. मार्कशीट, पदवी, इंग्रजीची परीक्षा, सीव्ही, मोटिव्हेशन लेटर, दोन शिफारसपत्रं, असा साधारण संच. शेवटच्या वर्षाच्या मुलांनाही चालतं, पण कोर्स सुरू व्हायच्या आत पदवी हातात हवी. तीन वर्षांच्या बीए, बीएससीला काही कन्सॉर्शियम घेतात, काही चार वर्षांचा आग्रह धरतात. कारण पात्रता त्या त्या देशाच्या कायद्याने ठरते आणि सगळ्यात कडक देशाची अट सगळ्यांना लागू होऊन बसते. हेही आधी विचारून घ्या.

महाराष्ट्रातल्या मुलांची अडचण नावापासून सुरू होते. आपल्या मार्कशीटवर ‘पाटील स्नेहल राजेंद्र’, आडनाव आधी. पासपोर्टवर ‘स्नेहल राजेंद्र’ एका रकान्यात आणि ‘पाटील’ दुसऱ्यात. इटलीतल्या किंवा स्पेनमधल्या कारकुनाला पाटील हे पहिलं नाव वाटतं. स्पेनमध्ये माणसाला दोन आडनावं असतात, त्यामुळे तिथे वडिलांचं नावही आडनावात ढकललं जाऊ शकतं. मग विद्यापीठाचं कार्ड एका नावाचं, तिथे राहण्याचं परमिट दुसऱ्या नावाचं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इंग्रजी प्रतिज्ञापत्र निघण्याआधी करून ठेवावं, आणि प्रत्येक फॉर्मवर फक्त पासपोर्टचाच क्रम लिहावा. दुसरी घरगुती चूक म्हणजे कौतुकाने लॅमिनेट केलेली डिग्री. अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीच्या प्रमाणीकरणाचा, शिक्का आणि स्टिकर मूळ कागदावर लागतो, प्लॅस्टिकवर नाही. आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल, असा क्रम आहे. निवड झाल्यावर धावाधाव करण्यापेक्षा अर्ज भरतानाच हे सुरू करावं.

आता परमिट. या योजनेला एक तारा कमी द्यायचा तर तो इथे. कन्सॉर्शियमच्या माहितीपत्रकात नकाशावर बाण असतात: पहिलं सेमिस्टर इटली, दुसरं फ्रान्स, तिसरं जर्मनी. प्रत्येक बाणाच्या टोकाला एक सरकारी खिडकी असते. इटलीत पोहोचल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांत पोस्ट ऑफिसमधला पिवळ्या पट्टीचा संच भरून परमिटचा अर्ज द्यायचा, मग पोलीस मुख्यालयात बोटांचे ठसे. कार्ड यायला महिने लागू शकतात. तोवर हातात असते ती पोस्टाची पावती. तिच्यावर इटलीत राहता येतं, पण ती परमिट नव्हे. डी व्हिसाची, म्हणजे दीर्घ मुक्कामाच्या व्हिसाची, मुदत संपली असेल तर निव्वळ पावतीवर शेंगेनमधल्या, म्हणजे आपसातली सीमा-तपासणी काढून टाकलेल्या गटातल्या, दुसऱ्या देशात शिरता येत नाही. फ्रान्सचा लाँग-स्टे व्हिसा पोहोचल्यावर ३ महिन्यांत ऑनलाइन व्हॅलिडेट करावा लागतो. स्पेनमध्ये सहा महिन्यांहून जास्त राहायचं असेल तर महिन्याभरात परदेशी व्यक्तीच्या ओळखपत्रासाठी अर्ज.

२०१६ च्या युरोपीय निर्देशानुसार, म्हणजे सदस्य देशांनी पाळायच्या सामाईक नियमानुसार, एका सदस्य देशाच्या विद्यार्थी परमिटवर दुसऱ्या देशात ३६० दिवसांपर्यंत शिकता येतं, नवा व्हिसा न काढता. जर्मनीला जायचं तर तिथलं विद्यापीठ स्थलांतराच्या फेडरल कार्यालयाला आगाऊ सूचना देतं, निदान ३० दिवस आधी. अट एवढीच की पहिलं परमिट पूर्ण मुक्कामभर वैध हवं. गाडी इथेच घसरते. पहिल्या देशाने एकाच वर्षाचं कार्ड दिलं तर ते दुसऱ्या देशात असताना संपतं आणि नूतनीकरणाला परत जावं लागतं. त्याच निर्देशात युरोपीय संघाच्या योजनेतून फिरणाऱ्या विद्यार्थ्यांचं परमिट किमान दोन वर्षांचं, किंवा कोर्स त्याहून लहान असेल तर तेवढ्या मुदतीचं, असावं असं म्हटलं आहे. अर्जासोबत कन्सॉर्शियमचं पूर्ण मुदतीचं पत्र लावून ते मागून घ्या. डेन्मार्क आणि आयर्लंड मात्र या निर्देशात नाहीत. मुंडस जर्नलिझमसारख्या कोर्सचं पहिलं वर्ष ऑर्हूसला, म्हणजे डेन्मार्कमध्ये असतं. तिथल्या परमिटवर पुढच्या देशात या सवलतीने जाता येत नाही, त्या देशाचं वेगळं काढावं लागतं.

अभ्यासाच्या दर्जाबद्दल सरसकट बोलणं चुकीचं ठरेल. काही कन्सॉर्शियममध्ये विषयांची सांधेजोड पक्की असते, काहींमध्ये दुसऱ्या देशातला प्राध्यापक तेच पहिल्या सेमिस्टरचं पुन्हा शिकवतो. कारण विद्यापीठांनी आपापले जुने कोर्स तसेच जोडलेले असतात. वेळापत्रकंही एकमेकांवर चढतात: जर्मनीतलं हिवाळी सत्र फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालतं, फ्रान्समधलं दुसरं सेमिस्टर जानेवारीतच सुरू होतं. हे जाणून घ्यायला माजी विद्यार्थ्यांशिवाय उपाय नाही, आणि त्यांची संघटना बऱ्यापैकी जागी आहे.

गुणपत्रिका हा स्वतंत्र गंमतीचा विषय. फ्रान्समध्ये २० पैकी १४ म्हणजे उत्तम, आपल्याकडे कुणी ते ७० टक्के म्हणून वाचतो आणि नाक मुरडतो. इटलीत ३० पैकी १८ ला पास. जर्मनीत १.० सर्वोत्तम आणि ४.० काठावर, म्हणजे आपल्या सीजीपीएच्या बरोबर उलट. तीन देशांच्या तीन मापांचं एक पान घेऊन पीएचडीचा अर्ज करायचा असेल तर प्रत्येक विद्यापीठाची, किती मुलांना कोणती श्रेणी मिळाली याचा तक्ता असलेली डिप्लोमा सप्लिमेंट, म्हणजे पदवीसोबतची माहितीपुरवणी, मागून घ्या. मूळ पदव्या हातात यायला पुष्कळ महिने जातात, तोवर उत्तीर्ण झाल्याचं तात्पुरतं प्रमाणपत्र चालवावं लागतं.

नंतर नोकरी शोधायला पहिलं परमिट देणाऱ्या देशात किमान ९ महिने मिळतात, जर्मनीत १८. नेदरलँड्सचं नोकरी शोधण्याच्या वर्षाचं परमिट तर इरॅस्मस मुंडसच्या पदवीधरांना तिथे न शिकताही मागता येतं, पदवीनंतर तीन वर्षांच्या आत. भारतात परतून प्राध्यापकी किंवा सरकारी नोकरी करायची असेल तर समकक्षतेचा दाखला लागतो. यूजीसीने एप्रिल २०२५ मध्ये त्यासाठी नवे नियम अधिसूचित केले. प्रत्येक विद्यापीठाची क्रेडिट्ससकट गुणपत्रिका, कन्सॉर्शियमचा करारनामा आणि पासपोर्टवरचे शिक्के यांच्या स्कॅन प्रती पहिल्या दिवसापासून एका फोल्डरमध्ये टाकत जा. कोर्स संपल्यावर तिसऱ्या देशातल्या ऑफिसातून एखादा राहिलेला कागद ईमेलवर मागवणं, तेही ऑगस्टमध्ये, जेव्हा अर्धा युरोप सुट्टीवर असतो, हे फार चिकाटीचं काम आहे.